नुसतं उभं असलेलं जहाज एवढे पैसे का खातं?

प्रश्न असा आहे: "बॉस्टनला मुलाकडे गेलो होतो. ईस्ट बॉस्टनच्या धक्क्याला एक लालभडक जहाज उभं आहे, अंगावर माणसाहून उंच पांढऱ्या अक्षरांत 'नँटकेट'. ही म्हणे लाइटशिप, आता म्युझियम. तिथल्या स्वयंसेवकाने सांगितलं, हिला नीट ठेवायला लाखो डॉलर लागतात. आता जहाज कुठे जात नाही, इंजिन चालत नाही, तेल जळत नाही. मग खर्च कशाचा? आणि जपण्यासारखं तरी त्यात काय आहे?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत देता येतं: कुठे जात नाही, म्हणूनच खर्च. पण ही ओळ नुसती वाचून पटणार नाही. माझं निम्मं आयुष्य इंजिनरूममध्ये गेलं आणि उरलेलं जहाजांच्या तळाचे पत्रे ठोकून बघण्यात, म्हणजे हल सर्व्हेत. त्यामुळे शेवटी मी पत्र्यांवरच येणार आहे. आधी दुसरा प्रश्न घेतो, कारण हे जहाज मुळात काय होतं ते कळलं की खर्चाचा हिशोब आपोआप लागतो.

ती अक्षरं. 'नँटकेट' हे त्या जहाजाचं नाव नव्हे, तो त्याचा पत्ता आहे. लाइटशिप, म्हणजे आपल्या पुस्तकी मराठीत दीपनौका (दीपगृहाचं काम करणारं, समुद्रात नांगरलेलं जहाज), ज्या ठिकाणी नांगरून ठेवायची त्या ठिकाणाचं नाव तिच्या अंगावर रंगवत. ठाणं बदललं की अक्षरं बदलायची. बदली म्हणून फिरणाऱ्या जहाजांवर तर सरळ 'रिलीफ' लिहिलेलं असे. जहाजाची खरी ओळख म्हणजे त्याचा क्रमांक. तुम्ही पाहिलंत ते एलव्ही-११२ (एलव्ही म्हणजे लाइट व्हेसल). हे सांगायचं कारण असं की नँटकेटच्या ठाण्यावर शेवटी शेवटी काम केलेल्या ६१२ आणि ६१३ क्रमांकाच्या दोन जहाजांनीही हीच अक्षरं मिरवली. त्यातल्या ६१२ला खासगी मालकाने आतून आलिशान यॉट करून टाकलं. इंटरनेटवर फोटो शोधलेत तर झुंबरं आणि मऊ सोफे दिसतील. ते हे नव्हे.

आता हे ठाणं कुठे? मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळ नँटकेट नावाचं बेट आहे. त्याच्या आग्नेयेला सुमारे ५० मैल समुद्राखाली वाळूचे दांडे पसरले आहेत. युरोपहून न्यूयॉर्कला जाणारी जहाजं याच्या दक्षिणेने जात. थोडं उत्तरेला सरकलं की रुतलंच.

तिथे दीपगृह का नाही बांधलं, हा प्रश्न कुणालाही पडेल. मुंबईकराला त्याचं उत्तर घरबसल्या कळण्यासारखं आहे. कुलाब्याच्या टोकापुढे जो खडक पाण्याखालून पुढे जातो त्यावर १८७५ साली प्राँग्जचं दीपगृह उभं राहिलं. खांदेरीवरचं त्याच्याही आधीचं, १८६७चं. दोन्हीकडे खाली दगड होता, म्हणून वर दगड रचता आला. नँटकेटच्या दक्षिणेला खाली नुसती वाळू, तीही चालती. कोकणात खाडीच्या तोंडाशी जो वाळूचा बार असतो तो दर पावसाळ्यात जागा बदलतो आणि तांडेलाला दर वर्षी नवी वाट शोधावी लागते. तोच प्रकार, पण ५० मैल लांबीचा आणि अटलांटिकच्या लाटांखाली. ठाण्याच्या जागी पाणी सुमारे २०० फूट खोल. एकोणिसाव्या शतकात तिथे पाया घालण्याचा विचारही कुणी केला नसता. आपल्याकडे हुगळीच्या मुखाशी लाइटशिप नांगरून ठेवाव्या लागत, त्याचं कारणही हेच: चिखल, वाळू आणि बदलत्या वाटा.

तर जिथे दिवा बांधता येत नाही तिथे दिवा नांगरायचा. ही युक्ती इंग्रजांनी थेम्सच्या मुखाशी नोर इथे १७३०च्या दशकात आधी केली. अमेरिकेत पहिली लाइटशिप १८२० साली चेसापीक उपसागरात आली आणि तेव्हापासून १९५२पर्यंत तिथे एकूण १७९ बांधल्या गेल्या. नँटकेटच्या वाळूवर पहिली आली १८५४ साली. अमेरिकेतलं हे किनाऱ्यापासून सर्वांत दूरचं ठाणं, मुख्य भूमीपासून जवळजवळ १०० मैल.

इतर कुठलंही जहाज वादळ आलं की पळतं: बंदर गाठतं, निदान वाऱ्याकडे तोंड करून समुद्र अंगावर घेत हळूहळू सरकतं. लाइटशिपला ती मुभा नव्हती. वादळात तिची जास्तच गरज, म्हणून वादळात तिने हलायचं नाही. जागा सोडली तर ती निरुपयोगीच नव्हे, घातक. चुकीच्या जागचा दिवा हा दिवा नसण्याहून वाईट.

त्यासाठी नांगरही वेगळा. तुमच्या फोटोत नाकाशी अडकवलेली उलट्या छत्रीसारखी लोखंडी टोपी दिसत असेल तर तो मश्रूम अँकर, अळंबीसारखा. स्कॉटलंडच्या बेल रॉक दीपगृहाच्या कामासाठी रॉबर्ट स्टीव्हन्सनने एक तरंगती दीपनौका ठेवली होती; हा नांगर त्याच सुमाराची त्याची कल्पना. नेहमीच्या नांगराला हात असतात. जहाज भरती-ओहोटीबरोबर गोल फिरलं की साखळी त्या हातांत अडकते आणि नांगर उपटून निघतो. अळंबीला हातच नाहीत. कुठूनही ओढा, ती वाळूत आणखी रुतते. नेहमीचं जहाज दोन दिवस नांगरतं, त्याला पहिला नांगर पुरतो. महिनोन् महिने एका जागी गोल फिरत राहायचं असेल तर हा.

माणसांचं काय होत असेल, ते सांगायला एक वस्तू पुरेशी आहे. एकोणिसाव्या शतकात या ठाण्यावरच्या खलाशांनी वेताच्या टोपल्या विणायला सुरुवात केली. लाकडी साच्यावर घट्ट विणलेल्या, तळाला लाकडी चकती. आज नँटकेट बेटावर 'लाइटशिप बास्केट' म्हणून त्या इतक्या महाग विकल्या जातात की विणणाऱ्याला त्या वेळी सांगितलं असतं तर तो हसला असता. समुद्रावर माणूस टोपल्या विणायला बसतो तेव्हा त्याच्याकडे वेळ किती होता ते समजावं. आणि मध्येच धुकं आलं की भोंगा सुरू: तासन् तास, कधी दिवसेंदिवस, ठरलेल्या अंतराने, झोपेतही.

या कंटाळ्यात इतिहास अधूनमधून येऊन धडकत असे. १९०१ साली न्यूयॉर्क हेराल्ड वृत्तपत्राने इथल्या लाइटशिपवर मार्कोनीचं वायरलेस बसवलं. येणाऱ्या लायनरची, म्हणजे मोठ्या प्रवासी जहाजाची, खबर बंदराच्या कितीतरी आधी मिळावी म्हणून. ऑक्टोबर १९१६मध्ये यू-५३ या जर्मन पाणबुडीने याच ठाण्याच्या आसपास एका दिवसात पाच जहाजं बुडवली आणि त्यांतली शंभराहून जास्त माणसं होड्यांतून येऊन लाइटशिपवर चढली. मोजक्या माणसांसाठी बांधलेल्या जहाजावर ती कुठे बसवली असतील, याचा विचार मी बऱ्याचदा केला आहे.

पण खरा धोका वादळाचा नव्हता, पाणबुडीचाही नव्हता. ज्यांच्यासाठी ती तिथे उभी होती त्या जहाजांचाच होता.

विसाव्या शतकात लाइटशिपवर रेडिओ बीकन आला, म्हणजे दिशा कळावी म्हणून रेडिओवर सतत खूण पाठवणारं यंत्र. आता धुक्यातसुद्धा लायनरचा अधिकारी बीकनचा आवाज धरून, बरोबर तिच्या रोखाने येऊ शकत होता. जवळ आलं की थोडं वळायचं आणि बाजूने निघून जायचं, अशी पद्धत. म्हणजे ज्या यंत्राने वाट अचूक केली त्यानेच टक्करही अचूक केली. जानेवारी १९३४मध्ये वॉशिंग्टन नावाची लायनर तेव्हाच्या एलव्ही-११७ला घासून गेली. थोडक्यात वाचली. चार महिन्यांनी, १५ मे १९३४ला, दाट धुक्यातून ऑलिंपिक आली.

ऑलिंपिक म्हणजे टायटॅनिकची सख्खी बहीण: ८८२ फूट लांब, ४५ हजार टनांच्या वरची. समोर ६३० टनांची लाइटशिप. लायनरने वेग कमी केला होता, दिशाही बदलली होती, पण पुरेशी नाही. लायनरवरच्या कित्येक उतारूंना तर जेमतेम एक हिसका जाणवला म्हणतात. लाइटशिप मधोमध चिरली गेली आणि काही क्षणांत तळाशी गेली. तिच्यावर ११ माणसं होती. चार जहाजाबरोबरच गेली. सात जणांना बोटींनी उचललं, त्यातले तीन नंतर दगावले. बुडालेल्यांत आफ्रिकेच्या पश्चिमेच्या केप व्हर्द बेटांहून आलेल्या घराण्यांतले खलाशी बरेच होते. आपल्या रत्नागिरीच्या खलाशांसारखंच त्यांचं: पिढ्यान् पिढ्या दुसऱ्यांच्या जहाजांवर.

ब्रिटिश सरकारने नुकसानभरपाई दिली आणि त्या पैशातून १९३६ साली डेलावेअरमधल्या विल्मिंग्टनला, प्यूसी अँड जोन्सच्या कारखान्यात एलव्ही-११२ बांधली गेली. किंमत ३,००,९५६ डॉलर. तुम्ही ज्या डेकवर उभे होतात तो त्या सात माणसांच्या मृत्यूतून आला आहे आणि जहाजाच्या रचनेत ते वाचता येतं. लांबी १४९ फूट, वजन १,०५० टन; अमेरिकेने बांधलेली सर्वांत मोठी लाइटशिप. तळ दुहेरी. आत ४३ जलरोधक कप्पे, एक फुटला तर पाणी तिथेच अडावं म्हणून. खालून मुख्य डेकवर यायला सहा वेगवेगळ्या वाटा. १४९ फुटी जहाजात सहा वाटा हा आराखडा काढणाऱ्याचा हौशी खर्च नव्हे. ११७वरच्या माणसांना वर यायला वेळच मिळाला नव्हता, हे कुणीतरी नकाशासमोर बसून आठवलेलं आहे.

जहाजाची नोकरी थोडक्यात सांगतो. युद्धाच्या काळात, १९४२ ते १९४५, तिला मेनमधल्या पोर्टलंडला, बंदरात येणाऱ्या जहाजांच्या तपासणीच्या कामावर नेलं होतं. सप्टेंबर १९५४च्या एडना चक्रीवादळात पायलटहाऊसच्या (सुकाणूच्या खोलीच्या) काचा फुटल्या, सुकाणू गेलं, पण जहाज वाचलं. १९६०मध्ये वाफेचं इंजिन काढून डिझेल बसवलं. १९७५मध्ये ती निवृत्त झाली. ठाणं पुढे ६१२ आणि ६१३ने आलटूनपालटून सांभाळलं आणि १९८३च्या अखेरीस तिथे माणसांऐवजी एक मोठा बोया आला.

इथून तुमच्या पहिल्या प्रश्नाला सुरुवात होते. नोकरीत असताना एलव्ही-११२वर लोखंडाची काळजी घ्यायला माणसं होती आणि त्यांना दुसरं फारसं काम नव्हतं. वादळ नसेल, धुकं नसेल, तर हातात चिपिंग हॅमर आणि रंगाचा डबा. गंज दिसला की ठोकायचा, घासायचा, प्राइमर मारायचा. ठरावीक काळाने जहाज ड्रायडॉकमध्ये, म्हणजे पाणी काढून तळ उघडा करता येतो अशा गोदीत, जायचं. खर्च सरकारचा. निवृत्त झाल्या दिवशी हे सगळं एकदम थांबतं. समुद्र मात्र निवृत्त होत नाही.

११२ पुढची ३५ वर्षं या संस्थेकडून त्या संस्थेकडे, या बंदरातून त्या बंदरात फिरत राहिली. १९८९मध्ये तिला राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा मिळाला. हा दर्जा म्हणजे एक पाटी आणि काही अनुदानांना अर्ज करायची पात्रता. पत्रा त्याने जाड होत नाही. २००९मध्ये एका ना-नफा संस्थेने तिला विकत घेतलं. किंमत एक डॉलर. पुढच्या वर्षी मे महिन्यात न्यूयॉर्कजवळच्या ऑयस्टर बे इथून टगने ओढून तिला बॉस्टनला आणलं.

एक डॉलर हे वाचून लोक हसतात. आमच्या धंद्यात हसत नाहीत. जुन्या जहाजाची किंमत एक डॉलर असते तेव्हा विकणारा मोठ्या ओझ्यातून मोकळा झालेला असतो. न्यू बेडफर्डच्या धक्क्याला एकेकाळी उभी होती ती एलव्ही-११४ बघा. तिचं जतन करायचं ठरलेलं होतं, पण ठरण्यापलीकडे फार काही झालं नाही. २००६मध्ये पाणी भरून ती धक्क्यालाच आडवी झाली. तिला उभी करण्याचा खर्च वेगळा, आणि लिलावात किंमत आली दोन हजार डॉलरांच्या आत. २००७मध्ये ती भंगारात गेली. वादळाने बुडवली नाही, लायनरने नाही. भर गावात, बांधलेल्या जागी गेली.

आपल्याला तरी हे नवं कुठे आहे? जुनी आयएनएस विक्रांत १९९७मध्ये निवृत्त झाली, मुंबईत म्युझियम म्हणून उभी राहिली, शाळेच्या सहली आल्या. २०१२मध्ये ती बघायला बंद केली आणि २०१४मध्ये दारूखान्यात तोडायला घेतली. तेव्हा आपल्याकडे लोक भावनेने खूप बोलले. तळाच्या पत्र्याविषयी फार थोडे बोलले.

तर पत्रा.

जहाजाच्या बाजूचा पत्रा सगळीकडे सारखा झिजत नाही. सर्वांत वाईट जागा पाण्याखालची नसते. पाणी जिथे कधी आहे कधी नाही तो पट्टा, पाण्याच्या रेषेच्या वरचा हातभर आणि खालचा हातभर, तिथे सगळ्यात जास्त गंज. खारं पाणी आणि हवा, दोन्ही आळीपाळीने मिळतात. चालतं जहाज माल भरलं की खाली बसतं, रिकामं झालं की वर येतं, त्यामुळे हा पट्टा सरकत राहतो. म्युझियमचं जहाज वर्षानुवर्षं त्याच वजनाने, त्याच रेषेवर उभं असतं. म्हणजे गंज वर्षानुवर्षं त्याच हातभर पट्ट्यावर बसून खातो.

तो मोजायचा कसा? पत्र्यावर एक छोटी जागा चकचकीत घासायची, त्यावर जेलचा थेंब, त्यावर अल्ट्रासॉनिक गेजचा प्रोब. आकडा येतो: ९.१, ९.०, ८.८. खडूने तिथेच लिहायचा, पुढे सरकायचं. अशा शेकडो जागा. मूळ जाडीचा साधारण पाव भाग गेला की आम्ही म्हणतो, पत्रा बदला. एकसारखे आकडे येत असताना मध्येच ४.३ येतो. दोन वेळा तपासायचं, मग हातोडी घ्यायची. चांगला पत्रा टणकन् वाजतो. झिजलेला थबकल्यासारखा आवाज देतो, भिजलेल्या मडक्यासारखा. गेज आले तरी मी हातोडी सोडली नाही, कारण गेज फक्त ठेवल्या जागेचं सांगतो आणि हातोडी आजूबाजूचं.

बाहेरून एवढं. आतून आणखी वाईट. डेकच्या सांध्यातून पावसाचं पाणी गळतं, ते बिल्जमध्ये, म्हणजे जहाजाच्या अगदी तळाच्या पोकळीत, साठतं. पाणी पंपाकडे वाहून जावं म्हणून फ्रेमच्या (जहाजाच्या फासळ्यांच्या) तळाशी छोटी भोकं ठेवलेली असतात. ती रंगाच्या खपल्यांनी आणि तेलकट गाळाने बुजतात. मग प्रत्येक दोन फ्रेममध्ये एक डबकं. पूर्वी कित्येक जहाजांच्या तळाशी सिमेंटचा थर ओतत. वरून तो खणखणीत दिसतो. त्याला एक केसाएवढी भेग पडली की खाली पाणी शिरतं, आणि सिमेंट फोडेपर्यंत कळत नाही की खाली पत्रा उरलाय की नुसतं सिमेंटच समुद्र अडवून बसलंय. मी हे अतिशयोक्तीने लिहीत नाही. एका जहाजावर सिमेंट फोडायला मीच मनाई केली होती, जहाज ड्रायडॉकमध्ये जाईपर्यंत.

आणि वीज. हे बऱ्याच म्युझियमवाल्यांना कळत नाही, म्हणून जरा विस्ताराने. पोलादी तळाला जस्ताचे ठोकळे लावतात. जस्त आधी झिजतं आणि पोलाद वाचवतं. ठोकळा संपला की नवा. एका जुन्या टगवर (नाव आणि बंदर सोडून देतो, त्याचं नंतर हॉटेल झालं) तीन वर्षं टिकायचे ठोकळे चार महिन्यांत संपले. पाणबुड्याने वर आणलेला तुकडा साबणाच्या चिपटीएवढा होता. दोन दिवस मी सगळं तपासत होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी शेजारी डेकवर वेल्डिंग चाललं होतं तिथे चहा प्यायला गेलो. वेल्डिंग मशीन धक्क्यावर, इलेक्ट्रोड जहाजावर, आणि अर्थचा क्लॅम्प धक्क्याच्या लोखंडी खांबाला. म्हणजे करंट जहाजातून परत मशीनकडे जायला समुद्राचीच वाट, आणि तो ज्या ज्या जागेतून पाण्यात उतरतो तिथलं लोखंड घेऊन उतरतो. जहाज दुरुस्त करणारेच जहाज विरघळवत होते. क्लॅम्प काढून जहाजाच्या पत्र्याला लावला. दोन मिनिटांचं काम. आत्तापर्यंत किती पत्रा गेला ते मात्र ड्रायडॉकमध्येच कळलं. म्युझियमचं जहाज कायम किनाऱ्याच्या विजेवर असतं, आजूबाजूला दुसऱ्या बोटी, त्यांच्या वायरी. चालत्या जहाजाला असला शेजार काही दिवसांचा. याला कायमचा.

आता दुरुस्ती. तो पत्रा कापून नवा बसवला, झालं, असं वाटेल. चालू जहाजावर तसंच करतो. पण त्या काळच्या जहाजांत रिव्हेट असतात. लालभडक तापवलेली लोखंडी खीळ भोकात घालून, एकाने आतून धरून, दुसऱ्याने बाहेरून ठोकून तिचं डोकं बसवायचं. गार होताना ती आक्रसते आणि दोन पत्रे एकमेकांना घट्ट ओढते. हे काम जाणणारी माणसं आज फार थोडी. वेल्डिंग स्वस्त, पण वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारचे रिव्हेट ढिले पडतात. एक गळती बंद करून चार नव्या काढायच्या, असा प्रकार. शिवाय पत्र्यामागून पत्रा बदलत गेलात तर शेवटी ऐतिहासिक काय उरलं? काही जण जुन्याच पत्र्यावर नवा चिकटवतात, त्याला डबलर म्हणतात. माझं मत विचाराल तर डबलर म्हणजे फाटक्या धोतराला बाहेरून ठिगळ: दोन पत्र्यांच्या मध्ये ओल अडकते आणि दहा वर्षांनी दोन्ही पत्रे बदलावे लागतात. ड्रायडॉकपर्यंत पोचण्यापुरता ठीक. मी स्वतः दिसणाऱ्या भागात रिव्हेट राखावेत आणि पाण्याखाली, जिथे फक्त मासे बघणार आहेत, तिथे सुरक्षित असेल ते करावं, अशा मताचा आहे. जतनवाल्या मंडळींशी यावरून माझे वाद झालेत. डिझेलचंही तसंच. ११२ला १९३६च्या वाफेच्या रूपात परत न्यावं का? माझ्या मते नाही. १९६० ते १९७५ ही पंधरा वर्षंही तिचीच आहेत.

खर्चाचे उरलेले भाग पटकन: पाइपांवरच्या वेष्टनातला ॲस्बेस्टॉस काढायला परवानाधारक माणसं, रंगाच्या जुन्या थरांतलं शिसं. रेड लेड नावाचा तो जुना प्राइमर म्हणजे रासायनिकदृष्ट्या मारुतीला लावत तो शेंदूरच. मारुतीला चालतो, पण ग्राइंडरने उडवून श्वासात घेतला तर विष. म्हणून जहाजाभोवती तंबू, माणसांना मास्क, कचऱ्याची वेगळी विल्हेवाट. विमा. हिवाळ्यात पाइप फुटू नयेत म्हणून ऊब. आणि दर काही वर्षांनी ड्रायडॉक, ज्यात पाणी काढल्यावर कळतं की ठरवलेलं बजेट कुठल्या आशेवर ठरवलं होतं.

मग पाण्यातून काढूनच का टाकत नाहीत? टाकतात. व्हर्जिनियात पोर्ट्समथची एलव्ही-१०१ जमिनीवर बसवलेली आहे. आपल्याकडे विशाखापट्टणमची कुरसुरा पाणबुडी किनाऱ्यावर उभी आहे, मुलं आत जाऊन येतात. जमिनीवर गंज थांबत नाही, पण बुडण्याची भीती जाते आणि तळ कधीही बघता येतो. किंमत वेगळीच मोजावी लागते: जहाजाला तळाशी सगळीकडून आधार हवा असतो, तो पाणी फुकट देतं. जमिनीवर मोजक्या आधारांवर ठेवलं की वजन त्या जागांवर एकवटतं, आणि चुकीच्या फ्रेमखाली आधार लावला तर जहाज हळूहळू स्वतःच्याच वजनाने वाकतं. आणि मनाचं म्हणाल तर डेक पायाखाली जराही हलत नसेल तर माझ्यासारख्याला ते जहाज वाटत नाही. हा हिशोबाचा मुद्दा नाही, कबूल.

पैशापेक्षा दुर्मीळ असतात ती माणसं. डेलावेअरमध्ये लुइस नावाच्या गावी एलव्ही-११८ आहे, ओव्हरफॉल्स लिहिलेली. खरं तर ती त्या ठाण्यावर कधी नव्हतीच. तिला मरणातून उठवली ती निवृत्त स्वयंसेवकांच्या एका टोळीने, जी स्वतःला 'डर्टी हँड्स गँग' म्हणवते. ठरल्या दिवशी यायचं, घासायचं, रंगवायचं, घरी जायचं. नोकरीतल्या खलाशांनी जे केलं तेच. लाइटशिप जपायची दुसरी रीत मला तरी दिसलेली नाही.

पुढच्या वेळी मुलाकडे गेलात तर ११२वर परत जा. नाकाशी उभं राहून नांगर बघा, खाली उतरताना वर यायच्या त्या सहा वाटा मोजा. मग तिथल्या स्वयंसेवकाला दोनच गोष्टी विचारा: शेवटचं ड्रायडॉक कधी झालं आणि झिंक किती उरलंय. तो क्षणभर तुमच्याकडे बघेल आणि मग बहुधा तुम्हाला इंजिनरूममध्ये नेऊन, टॉर्च हातात देऊन, बिल्जवरची एक फळी उचलून दाखवील.